‘पुढे’ दाबा, सचिवसाहेब!

सॉफ्टवेअरच्या धंद्यात किस्से कंप्युटरमध्ये कमी आणि फोनवर जास्त साठतात. सावेडीतल्या आमच्या ऑफिसात चहा आला की रूथ मॅडम विचारतातच, "आज कुठल्या गावचा फोन?"

आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. आम्ही म्हणजे मालकीणबाई रूथ मॅडम आणि मी. पूर्वी ते बसवायला मी पेनड्राइव्ह खिशात टाकून गावोगाव मोटारसायकल पिटाळायचो. मग दूध संघाने अट घातली. पाच गावांच्या दूध संस्थांच्या सचिवांनी शनिवारपर्यंत ते स्वतःच्या हाताने बसवायचं, आमच्यापैकी कुणी तिकडे फिरकायचं नाही. जमलं तर सगळं काम आम्हाला, नाहीतर पुण्याची कंपनी टपलेलीच! काम गेलं तर ऑफिसला कुलूप, हे मॅडमनी हसत हसत सांगितलं, पण मी जाम टरकलो.

म्हणून हा इन्स्टॉलेशन विझार्ड. एकेक स्क्रीन, सोपी सूचना आणि खाली ‘पुढे’चं बटण.

*

पहिली परीक्षा घेतली मॅडमच्या आईंनी. बाई निवृत्त शिक्षिका. प्रत्येक स्क्रीन मोठ्याने वाचली, मग चष्मा काढून मला म्हणाल्या, "सूचना ठीक आहेत. पण पानोपानी ‘रद्द करा’ कशाला लिहिलंस? नको ते आधी सुचवायचं नसतं!"

मी मुकाट्याने ते बटण बारीक करून कोपऱ्यात ढकललं.

*

शेवगावकडच्या सचिवांचं सगळं झालं, पण शेवटची स्क्रीन काही हलेना. मी फोन केला.

"आवो, नारळ फोडला, पेढे वाटले, आन् लगेच ‘समाप्त’ दाबू? पहिल्याच दिवशी असलं अभद्र मी न्हाई करनार!"

तासाभरात बटणाचं नाव बदलून पाठवलं, ‘कामाला लागा’! त्यांनी लगेच दाबलं.

*

पुणतांब्याकडच्या सचिवांनी तर सोमवारीच बसवलं होतं. गुरुवारी त्यांचा फोन आला, "सर, आता बंद करू का?"

"काय?"

"कंप्युटर. ‘बंद करू नका’ असं स्क्रीनवर आलं हुतं ना? शेतात जाताना रोज म्हातारीला राखन बसवतोय!"

*

शुक्रवारपर्यंत चार गावं झाली. पाचवं अडकलं चौथ्या स्क्रीनवर, ‘मला अटी मान्य आहेत’ या ओळीपाशी. तिथले सचिव भाऊसाहेब तीन दिवस पुढे सरकेनात.

"भाऊसाहेब, नुसती टिक करा हो!" मी काकुळतीला आलो.

"आसं कसं? संस्था काय माझ्या एकट्याची हाय व्हय? उद्या सभा बोलावलीय."

शनिवारी दुपार झाली तरी फोन नाही. मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. मला वाटलं, संपलं सगळं.

पाचला फोन वाजला. मी तो स्पीकरवर टाकला.

"सर, तुमच्या सगळ्या अटी सभेत वाचून दाखवल्या. सूचक झाला, अनुमोदक झाला, ठराव मंजूर! टिक केली, पुढं दाबलं. संध्याकाळचं पहिलं दूध बी मापलं!"

मॅडमनी डोळे पुसले. मी पाचव्या गावापुढे टिक मारली.

"पन सर, एक राहिलं."

"आता काय, भाऊसाहेब?"

"दोगं जन इरोधात हायेत. त्यांच्या सह्या कुठल्या स्क्रीनवर घ्यायच्या?"