मंडळाला न चालणारा नेता

अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावच्या मराठी मंडळानं मुलांची वक्तृत्व स्पर्धा ठेवली होती. विषय 'माझा आवडता नेता'. माझ्या अकरा वर्षांच्या लेकीनं निवडला पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेटाचा पहिला राष्ट्राध्यक्ष. तो तिला शाळेच्या लायब्ररीत सापडला होता. परक्या राज्यकर्त्यांनी त्या बेटाची माती खतासाठी खणून नेली आणि वर सांगितलं, आता इथे काही उरलं नाही, तुम्हाला दुसरं बेट देतो, तिकडे जा. हा गडी जागचा हलला नाही. आपलं बेट स्वतंत्र करूनच थांबला.

संयोजकांचा फोन आला. "वहिनी, टॉपिक चेंज करा ना. आपल्यातला कुणीतरी घ्या."

"नियमात भाषा मराठी हवी असं लिहिलंय. नेता मराठी हवा असं कुठंय?"

"जजेस मार्क्स देणार नाहीत हो."

"नका देऊ. तिला पाच मिनिटं द्या."

माझं डोकं फिरलं होतं. चार वर्षं ही पोरगी मला फक्त इंग्रजीत उत्तरं देत होती. या बेटवाल्या नेत्यापायी ती पहिल्यांदा आपणहून मराठी शब्द विचारत माझ्या मागे मागे फिरत होती, आणि या लोकांना ओळखीची आडनावं हवी होती. विषय बदलला असता तर तिनं कागद टाकून दिला असता, आणि त्याबरोबर मराठीही. मार्क गेले खड्ड्यात.

स्टेजवर ती मध्येच अडखळली. पहिल्या रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, "इट्स ओके बेटा, इंग्लिशमध्ये सांग." तिनं मान हलवून नाही म्हटलं, शब्द सापडेपर्यंत तशीच उभी राहिली आणि भाषण मराठीतच संपवलं. टाळ्या बेताच्याच पडल्या. मी मात्र हात दुखेपर्यंत वाजवल्या.

घरी येताना गाडीत तिनं विचारलं, "आई, ते लीडर बेट सोडून नाही गेले. मग तू का आलीस?"

मी गाडीचा वेग कमी केला.

"मला कुणी जा म्हटलं नव्हतं," मी म्हणाले. "मीच आले."

"मग परत का नाही गेलीस?"

इतकं सलग मराठी ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती, आणि मला उत्तर सुचत होतं ते इंग्रजीत. ते मी गिळलं, गाडी कडेला घेतली आणि मराठीत सांगायला लागले.