उघड्या मारोतीला पहिला हात

कितीतरी महिने मी एकही चित्र काढलं नव्हतं. विचारणाऱ्यांना मी ‘सध्या चिंतन चालू आहे’ असं सांगत असे, आणि आमच्या क्षेत्रात हे उत्तर इतकं भारदस्त मानलं जातं की पुढे कोणी काही विचारत नाही. खरं एवढंच होतं, की पांढऱ्या कॅनव्हाससमोर उभा राहिलो की मला चित्र आधीच पूर्ण झालेलं दिसायचं. चौकटीत बसवलेलं, शेजारी माहितीची चिठ्ठी, समोर मान तिरकी करून उभे असलेले रसिक. ते माझ्या जुन्या चित्रांसारखंच असायचं, त्यामुळे पुन्हा काढण्यात अर्थ वाटत नसे. ब्रश धरलेला हात वर जायचा आणि तसाच खाली यायचा. पुण्यातली कामाची खोली सोडून द्यायची आणि हे सगळं थांबवायचं, असं मी मनाशी जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

त्याच सुमारास आत्याचा फोन आला. बुलढाणा जिल्ह्यात, डोणगावच्या अलीकडे आमचं लहानसं गाव आहे. आत्याला सासरही गावातच मिळालं, त्यामुळे वडील नोकरीसाठी बाहेर पडले तरी आमच्या घराचे मानपान तिनेच सांभाळले. फोनवर ती हालहवाल विचारत नाही. म्हणाली, “मारोतीनं खोळ टाकली. शनिवारी ये.”

खोळ म्हणजे देवाच्या अंगावरचं शेंदराचं कवच. वर्षानुवर्षं तेलातल्या शेंदराचे लेप चढत जातात, त्यांचा जाड थर होतो, आणि एखाद्या दिवशी तो तडकून आपोआप सुटतो. देवानं खोळ टाकली, असं म्हणायचं. मग देवावर लगेच कापड घालतात, खोळ पैनगंगेत सोडतात, आणि शनिवारी नवा शेंदूर चढतो. त्यातला पहिला हात आमच्या घराचा. मागच्या वेळी वडील गेले होते; ते आता नाहीत. त्याच्या आधी आजोबा.

मी म्हणालो, माझी श्रद्धा तुला माहीत आहे. दुसरं कोणी नाही का?

“श्रद्धा कोणं मागतली तुले? हात पायजे आपल्या घरचा. तू नाही आला त का मी चढू चौथऱ्यावर ह्या गुडघ्यानं?”

गुडघ्यापुढे माझा नास्तिकपणा टिकला नाही.

रेल्वेनं शेगावला उतरलो. स्टेशनाबाहेर दर्शनाला आलेल्यांची गर्दी होती. मी लांबूनच हात जोडले, ते भक्तीनं की सवयीनं हे तेव्हा सांगता आलं नसतं, आणि खामगाव, चिखली, मेहकर असं एसटीनं निघालो. लहानपणी दर उन्हाळ्यात वडिलांबरोबर याच रस्त्यानं यायचो. खिडकीबाहेर तीच काळी, नांगरून पडलेली रानं होती आणि मला सारखे आजोबा आठवत होते. ते बैलगाड्या रंगवायचे, पोळ्याला शिंगं रंगवायचे, कुणी सांगितलं तर दुकानाची पाटीही. रंग उरला की वाया घालवायचा नाही म्हणून कुणाच्याही दाराला फासून यायचे. एका उन्हाळ्यात गावातली निम्मी दारं निळी होती, कारण त्यांच्याकडे निळ्या रंगाचा मोठा डबा उरला होता. दारांच्या मालकांना कुणी विचारलं नव्हतं. जेवायला बसले की त्यांच्या नखांच्या कडांत दोन-तीन रंग दिसायचे आणि तेलाचा वास भाकरीच्या वासात मिसळायचा. त्यांनी कधी चिंतन केल्याचं मला आठवत नाही.

शनिवारी सकाळी देवळापुढे मारोतीपेक्षा कितीतरी पट मोठे पुढाऱ्यांचे चेहरे फ्लेक्सवर लागले होते. एक प्रमुख पाहुणे आले होते. त्यांचं भाषण झालं, सत्कार झाला, मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की पहिला हात पाहुण्यांचाच पडावा. माझी त्याला अजिबात हरकत नव्हती. पाहुण्यांनी परातीतला तेलकट शेंदूर पाहिला, आपल्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांकडे पाहिलं आणि परंपरेचा मान राखला पाहिजे, असं जाहीर केलं. आत्या माझ्या कानाशी म्हणाली, “पाह्य, मारोतीनंच वाचोलं त्याले.”

आता पद्धत सांगतो. खोळ टाकलेला देव उघडा असतो. न्हाणाऱ्या माणसाकडे जसं पाहू नये, तसं त्याच्याकडे पाहायचं नाही. दोघं जण चादरीचा आडोसा धरतात, लेप चढवणारा आत जातो, डोळे मिटून देवावरचं कापड काढतो, आणि नुसत्या तळव्यानं पहिला हात फिरवतो. सबंध अंग झाकलं गेलं की मग डोळे उघडायचे. खोळीखालचं जुनं कोरीवकाम बघायला मिळेल, म्हणून मी आत गेल्यावर हळूच डोळे उघडणार होतो. माझ्या येण्याचं निम्मं कारण तेच होतं.

डोळे मिटले, कापड काढलं, परातीत दोन्ही तळवे बुडवले आणि पुढे केले. आणि दगडापासून वीतभर अलीकडे हात थांबले. अगदी तसेच, जसे पुण्यात थांबत होते. पलीकडे सगळं गाव शांत उभं होतं. इथेही जमणार नाही, ही भीती इतकी खरी होती की डोळे उघडून चोरून पाहायचं वगैरे सारं मी विसरून गेलो. आयुष्यात प्रथमच, कुणाला उद्देशून ते न कळता, मी मनात म्हणालो, माझ्यानं होत नाही, तूच बघ.

तेवढ्यात आडोशाच्या कडेनं कुणाचा तरी हात आत आला. रुंद, खरखरीत तळवा माझ्या उजव्या पंजावर पडला आणि त्यानं तो सरळ दगडावर दाबला. एक अनोळखी आवाज म्हणाला, “दाब ना बापा. तो का मोडून राह्यला?”

कुणीतरी हसलं. मलाही हसू आलं आणि हात चालू लागले. तळव्यांना नाक लागेना, डोळे लागेनात. गदा नाही, शेपूट नाही, कोरल्याची एकही रेघ नाही. साधा, ओबडधोबड, उभा दगड होता. लहानपणापासून मी पाहिलेले ते खांदे, फुगीर गाल, तो उचललेला हात, सगळं पिढ्यान्‌पिढ्यांच्या तळव्यांनी दर खोळीनंतर पुन्हा लेपावर लेप देऊन आणलेलं होतं. त्यातल्या कुणाच्याही डोळ्यापुढे पूर्ण मूर्ती नसणार. ज्यानं त्यानं आपल्या शनिवारचा हात फिरवला आणि तो घरी जेवायला गेला. मी डोळे मिटूनच रडत होतो, आणि हात थांबत नव्हते.

बाहेर आल्यावर मी त्या माणसाला शोधलं. चादर धरणारे म्हणाले, कडेला एक म्हातारा उभा होता, आपल्या गावचा नव्हता. रस्त्यावर टेम्पो थांबला तेव्हा दर्शनाला उतरला असेल. टेम्पो निघून गेला होता. मी त्याचा चेहरा पाहिला नाही. त्याला मी कोणतंही मोठं नाव देत नाही. तो टेम्पोतला माणूस होता, हे मला पुरेसं आहे. तो नेमका तिथे कसा उतरला, हे मात्र मी अजून कुणाला विचारू शकलेलो नाही.

दुपारी आत्याला म्हणालो, आत नुसता दगड आहे. तिला नवल वाटलं नाही. तुझ्या बापानंही हेच सांगितलं होतं, म्हणाली. मग मला कधी सांगितलं नाही ते, असं विचारलं, तर म्हणाली, “तू इचारलं कधी? आन् दगड असला त काय झालं? देव काही कमी झाला का त्यानं?”

पुण्याला परतल्यावर मी कॅनव्हास जमिनीवर आडवा टाकला, डोळे मिटले आणि तळव्यानं रंग पसरला. नंतर डोळे उघडून काम केलं. रोज करतो आहे. चित्रं चांगली होताहेत की नाही, हे कळत नाही, आणि ते कळणं माझ्या वाट्याचं काम नाही असं आता वाटतं. माझ्याकडून हवा तो फक्त हात. बाकीचं ज्याचं आहे त्याच्यावर सोडायला मी शिकतो आहे. उशिरा शिकतो आहे, पण शिकवणाऱ्यानं त्याबद्दल टोमणा मारलेला नाही. तेवढं काम आत्या करते.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. शनिवारी गावातल्या चार घरांनी शेंदूर चढवला होता, मारोती लालभडक दिसतोय म्हणाली. आणि मी न विचारताच तिनं सांगितलं, “तुह्या हात आता दिसत नाही बरं.”

मी म्हणालो, चांगलं झालं. आणि फोन ठेवून, कुणी बघत नसताना, हात जोडले.