भावोजींची तांबडी

माणूस वाया जायचा तर विशीत जातो, फार तर पंचविशीत. आमचे भावोजी मात्र पन्नाशी उलटल्यावर, घरात जावई आल्यावर रीतसर वाया गेले, आणि तेही दारूनं नाही, पत्त्यांनी नाही, एका जुन्या तांबड्या मोटारीनं. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धसईला त्यांची भाताची गिरणी आहे. तोवर त्यांचा लौकिक असा, की सावधपणा शिकायचा तर भावोजींकडे जावं. पावसात निघाले तर दोन छत्र्या नेत, एक विसरली तर दुसरी असावी म्हणून, आणि दोन्ही विसरून येत. गिरणीच्या टेम्पोला तिसऱ्याच्या पुढेही गिअर आहेत ही गोष्ट त्यांनी कधी मनाला लावून घेतली नाही. त्यांच्याबरोबर मुरबाडला निघालेला एक पाहुणा कंटाळून वाटेत उतरला, मागून आलेली एसटी पकडली आणि त्यांच्या आधी पोचला, असं ताई शपथेवर सांगते. अशा माणसानं, मुलगी सासरी आणि मुलगा पुण्याला नोकरीला जाऊन घर रिकामं झाल्यावर, एकदम दुसरी गाडी घ्यायचं काढलं. "अवो, टेम्पो हाय ना?" ताईनं विचारलं. "टेम्पो पोटासाठी गो," भावोजी म्हणाले, "ही जिवासाठी. आपल्या दोघांना फिराया." ताई वरवर रागावली खरी, पण त्या दिवशी मला फोन करून हे वाक्य तिनं दोनदा ऐकवलं.

आता गाडी घ्यायची कशी, तर भावोजींना खरेदीची एकच रीत ठाऊक. त्यांचे वडील शर्यतीचे बैल पाळायचे आणि म्हशाच्या यात्रेत लहानग्या भावोजींना बरोबर घेऊन बैलबाजार पालथा घालायचे. शहापूरच्या नव्या सोसायटीतला एक कॉम्प्युटरवाला मुलगा आपली गाडी विकतोय असं कळलं, तेव्हा भावोजी निघाले ते खांद्यावर टॉवेल टाकून. मी किन्हवलीला शाळेत शिकवते, तर मला वाटेत उचललं, का, तर "मास्तरीण संगती असली की समोरचा खोटं बोलत नाय". गाडी दिसायला चारचौघींसारखी, आखूड शेपटीची, बाजारहाटाला नेतात तशी. पण तिच्या पोटात इंजिन भलतं दांडगं. "काका, ही हॉट हॅच आहे," मुलगा म्हणाला. भावोजींनी मान डोलावली आणि कामाला लागले. टायरमध्ये बोट घालून दात मोजावेत तशा खाचा चाचपल्या. मागच्या काचेखाली तळहात फिरवून वशिंड बघितलं. मग मुलाला म्हणाले, "चालवून दाखव. माझ्याकडं पाठ करून." गाडी लांब जाईस्तोवर उकिडवे बसून तिची चाल बघत राहिले. परत आल्यावर त्यांनी मुलाचा हात धरला, वर टॉवेल टाकला आणि टॉवेलाखाली भावाची बोटं दाबायला सुरुवात केली. मुलगा घाबरला. "काका, काय करताय?" "गप. भाव चाललाय." मुलाला गुदगुल्या झाल्या असाव्यात, त्यानं हात ओढला. भावोजींना वाटलं, नकार. त्यांनी एक बोट आणखी दाबलं. तो हसत पुन्हा हात ओढू लागला, यांनी आणखी एक दाबलं. शेवटी सौदा ठरला तो मुलाच्या मनात होतं त्याच्या वरच. "पोरगा दिसतो गरीब, पण तयारीचा व्यापारी हाय," भावोजी येताना कौतुकानं म्हणाले. मी मनात म्हटलं, चांगल्या चाललेल्या माणसाला मध्येच कशाला अडवा?

गाडी घरी आली आणि तिचं नाव पडलं तांबडी. एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण मुरबाडच्या एका गॅरेजवाल्यानं भावोजींच्या कानात मंत्र फुंकला की जुन्या गाडीची खरी मजा ती घेण्यात नसून बदलण्यात असते. झालं! त्यानंतर रविवार आला की भावोजी गॅरेजात. एका रविवारी चाकं बदलली, चकचकीत नवी आली; जुनी चाकं ताईच्या न्हाणीमागे ठेवली, तिथं तिनं त्यांत अळू लावलं. दुसऱ्या रविवारी कॉम्प्युटर जोडून इंजिनाचं डोकं बदललं, म्हणजे नक्की काय केलं ते त्यांना सांगता येईना, पण "आता ती इशाऱ्यात समजते" असं म्हणाले. मग सायलेन्सर बदलला. त्याचा आवाज असा, की तांबडी ओढ्यापलीकडे असतानाच ताई तवा ठेवायची, आणि भावोजी पाय धुऊन पाटावर बसेस्तोवर पहिली भाकरी फुगलेली असायची. शेजारची म्हातारी मात्र येऊन म्हणाली, "रे, तुझ्या गाडीला खोकला झालाय, काढा दे." पोळ्याला तांबडीच्या कपाळावर गंध, आरशांना गोंडे आणि बॉनेटवर पुरणपोळी. ती पोळी कावळ्यानं नेली तर भावोजींच्या लेखी तांबडीनंच खाल्ली. आणि हे सगळं कशासाठी, तर एक दिवस ताईला शेजारी बसवून माळशेज घाट चढायचा. "वर धुक्यात जाऊन भजी खायाची, दोघांनीच," हे ते गॅरेजवाल्यालाही सांगत. तो दर वेळी म्हणायचा, "काका, जाल तेव्हा जाल, आधी गाडी खाली घेऊ."

इथेच घोड्यानं पेंड खाल्ली. खाली घेणं म्हणजे स्प्रिंगा बदलून गाडी जमिनीसरशी बसवणं. तशी गाडी वळणावर भुईला धरून पळते म्हणे. पळत असेल बाई. पण आमच्या भागात सरकारनं घातलेल्या ब्रेकरपेक्षा गावांनी घातलेले ब्रेकर जास्त. शाळा आली, ब्रेकर. देऊळ आलं, ब्रेकर. एखाद्याची कोंबडी गाडीखाली गेली तरी दुसऱ्या दिवशी तिथं सिमेंटचा उंचवटा उभा. आता माणसं बसली की तांबडीचं पोट या प्रत्येकावर घासायचं. त्याच हिवाळ्यात आम्ही तिघं म्हशाच्या यात्रेला निघालो, ताई पुढे, मी मागे गुडघे हनुवटीला लावून. पहिला ब्रेकर आला तशी भावोजींनी गाडी थांबवली आणि अत्यंत अदबीनं म्हणाले, "जरा उतरता का दोघी?" आम्ही उतरलो, त्यांनी रिकामी गाडी तिरकी करून हळूच पलीकडे नेली, आम्ही चालत पलीकडे गेलो, बसलो. पुढे पुन्हा ब्रेकर. पुन्हा उतरा. भरजरी साडीतली ताई दर फर्लांगाला उतरतेय आणि रस्त्याकडेची माणसं गाडी बंद पडली समजून धक्का द्यायला धावतायत. म्हसा येईपर्यंत ताईचा पारा देवळाच्या कळसाला गेला होता. "यापेक्षा मी चालत बरी," ती म्हणाली. "तुमची ती तांबडी तुमालाच लखलाभ. मी परत पाय ठेवणार नाय." आणि खरंच येताना ती एसटीनं आली. दोघांसाठी घेतलेल्या गाडीत भावोजी एकटेच फिरू लागले, आणि माळशेजचं नाव निघेनासं झालं.

मग पावसाळ्यात ताई अंगणात शेवाळावरून घसरली. नडगीचं हाड मोडलं. तांबडी दारात उभी होती, पण मोडला पाय घेऊन तिच्यात वाकून बसणं शक्य नव्हतं. भावोजींनी ताईला टेम्पोत कोंड्याच्या पोत्यांवर निजवून मुरबाडला नेलं, आणि त्या दिवशी म्हणे टेम्पोचे सगळे गिअर पडले. पायात सळी बसली. घरी आल्यावर त्यांनी तांबडीवर ताडपत्री टाकली ती टाकलीच. "वक्ताला उपेगी नाय पडली," एवढंच म्हणाले. गॅरेजवाल्याला निरोप धाडला की हिच्या जुन्या स्प्रिंगा काढून ठेव, हिला पयल्यासारखी उंच करायची.

हाड जुळलं. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवला, म्हणाले, पाय झकास, आता चाला. पण ताई चालेना. घरात भिंतीला धरून चुलीपर्यंत, फार तर ओटीवरच्या खुर्चीपर्यंत, आणि अंगणाची पायरी आली की ती माघारी फिरायची. जी बाई डोक्यावर पाटी घेऊन बाजार करून यायची, ती अंगणाकडे विहिरीत बघावं तशी बघायची. मी दर शनिवारी जाऊन हात धरला, समजावलं, शेवटी चिडून ओरडलेसुद्धा. "तू पडली नायस ना गो, म्हणून बोलतेस," ती म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला. डॉक्टरांनी भावोजींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, आत्ता चालल्या नाहीत तर पाय आखडेल तो कायमचा. भावोजी रात्रंदिवस तेवढ्याच काळजीत. गिरणीत भात सांडायला लागलं तरी त्यांचं ध्यान नसे.

दिवाळीनंतर भात गिरणीला आलं आणि टेम्पोला क्षणाची उसंत उरली नाही. नेमकी त्यात डॉक्टरांची तारीख आली. नाइलाजानं तांबडीवरची ताडपत्री निघाली. मी आणि भावोजींनी ताईला दोन्हीकडून धरून, सीटवर गोधडीची घडी ठेवून पुढे बसवलं. ताईचं तोंड एवढंसं झालं होतं. गावाबाहेर शाळेपाशी ब्रेकर आला आणि भावोजींनी गाडी थांबवली.

"का थांबलात?" ताईनं विचारलं.

"घासंल."

"घासू दे."

"नाय घासू देणार. एवढा खर्च करून केलेली गाडी."

"अवो, बायकोचा पाय मोडलाय आणि तुमाला गाडीच्या पोटाची पडलीय?"

"पाय जुळलाय. फोटू बघितला मी," भावोजी समोर बघत म्हणाले, आणि चक्क हाताची घडी घालून बसले. मागे एक रिक्षा येऊन हॉर्न वाजवायला लागली. मी म्हटलं, भावोजी, अहो, काहीतरीच काय! तर त्यांनी आरशातून माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेवढ्यात ताईनं दार उघडलं. "हाडं मोडली माझी तरी या माणसाला पाझर नाय फुटायचा," असं म्हणत ती दाराला धरून उठली, मी धावत जाऊन हात पुढे केला तो तिनं झिडकारला, आणि भावोजींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत करत ती ब्रेकर ओलांडून पलीकडे गेली. आधार न घेता. तिच्या ते लक्षातही आलं नाही, राग एवढा होता. माझ्या लक्षात आलं आणि मी रस्त्याच्या मधोमध रडायला लागले. भावोजींनी रिकामी गाडी अलगद पलीकडे नेली, दार उघडून धरलं आणि म्हणाले, "बसा. पुढं देवळापाशी अजून एक हाय."

मुरबाड येईस्तोवर ताई किती वेळा उतरली कुणास ठाऊक. शिव्या मात्र हळूहळू कमी होत गेल्या. येताना तर भावोजी थांबायच्या आधीच तिचा हात दाराच्या कडीवर होता. "या बायला माझा डाव कळला वाटतं," एवढं पुटपुटून भावोजींनी टॉवेलानं घाम पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताडपत्री आपसूक निघाली. तिसऱ्या दिवशीही. गॅरेजवाल्याचा फोन आला, काका, स्प्रिंगा शोधून ठेवल्यात, गाडी कधी आणता? "आणतो रे, सावकाश," भावोजी म्हणाले. गुळगुळीत नवा रस्ता सोडून ते मुद्दाम गावागावांतले रस्ते शोधायचे, आणि चौकशी करायचे, "तुमच्याकडं ब्रेकर हायेत ना? चांगले उंच?" गिरणीवरच्या माणसांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. ताई म्हणायची, फिरलंच आहे, पण म्हणताना पदर खोचून तयार असायची.

परवाच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर होते. सकाळची वेळ, कापलेल्या भाताची खाचरं दोन्हीकडे, उन्हाला नुकती ऊब आलेली. एका ब्रेकरवर ताई नेहमीसारखी उतरली, चालत पलीकडे गेली. भावोजींनी गाडी नेऊन तिच्याजवळ उभी केली, दार उघडलं. ताईनं एकदा आत बघितलं, एकदा पुढच्या रस्त्याकडे बघितलं आणि दार बाहेरून लावून टाकलं.

"तुमी या मागनं," ती म्हणाली आणि चालायला लागली.

थोडी लंगडत होती, पण रस्त्याच्या मधून चालली होती, कडेच्या झुडपांना धरायचं सोडून. भावोजी तिच्या मागे. घाटात पळावी म्हणून जिच्यावर रविवारच्या रविवार घालवले, ती तांबडी ताईच्या पावलांमागे रांगत होती, थांबत होती, पुन्हा रांगत होती. मोटारसायकली बाजूनं भरभर निघून जात होत्या. भावोजींनी एकदाही हॉर्न वाजवला नाही. जरा वेळानं गाडीत उग्र वास सुटला.

"भावोजी, काहीतरी जळतंय," मी म्हटलं.

"क्लच जळतोय," ते म्हणाले. समोरून नजर हलली नव्हती आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हातही मोकळा नव्हता. "जळू दे गो."