बैलांनी खाल्लेले पैलवान

आयुष्यात मी एकवीस पैलवान तयार करून बाजारात उतरवले, आणि ते सगळे बैलांनी खाल्ले.

गोष्ट लढाईच्या दिवसांतली. तेव्हा आमच्या मुलखात बोलायला दोनच विषय होते : सरकारी कंट्रोलमुळं न मिळणारं कापड आणि भुजंगा पैलवान. (पहिल्यावर लोक कुजबुजत, दुसऱ्यावर ओरडत.) भुजंगानं हैदराबादेत मोठी कुस्ती मारली आणि चाहत्यांनी बेंबळीला त्याचा सत्कार ठरवला. गावोगावचे चाहते मिशा पिळून येणार होते. मला वाटलं, यांना पैलवानाच्या बाहुल्या विकाव्यात!

"आन् कापड?" बायकोनं विचारलं.

मी तिच्या तांबड्या लुगड्याकडं बघितलं. आखाड्याच्या मातीत लोळलेल्या पैलवानाचा रंग, हुबेहूब!

"अवो, पंधरा दिसांवर माझ्या बहिणीचं लगीन हाय! ह्येच एक धड लुगडं हाय."

"बेंबळीहून नवं आणतो. शब्द!"

माझ्या शब्दाची तिला पुरती ओळख होती, तरी बिचारीनं लुगडं दिलं, वर बाहुल्या शिवूनही दिल्या. आत कापूस भरू म्हणाली. पण हलका पैलवान कोण घेणार? मी सरकी भरली. अंग चमकायला हवं म्हणून करडईचं तेल चोळलं. मिशा चिकटेनात, तेव्हा गुळाच्या पाकात बुडवून बसवल्या.

"ह्ये इकायचं हाय का बैलाला चारायचं?" तिनं विचारलं. (कलेतलं हिला काय कळतंय, असं मी तेव्हा मनात म्हणालो होतो.)

बेंबळीत मोक्याच्या जागा रेवडीवाल्यांनी धरलेल्या. मग मी डोकं चालवलं. चाहते येणार बैलगाडीनं, उतरणार गाडीतळावर. तिथंच सोडलेल्या बैलांपुढं घोंगडी अंथरली आणि ओरडू लागलो, "घ्या भुजंगा पैलवान! तेल लावलेला पैलवान!"

गर्दी जमली. एक चाहता माझ्या पाठीमागं बोट दाखवून म्हणाला, "त्यो कितीला?"

मी वळलो. तो पैलवान कमरेपर्यंत एका पांढऱ्या बैलाच्या तोंडात होता!

मी पाय धरून ओढला. तेवढ्यात शेजारच्या जोडीनं घोंगडीवर तोंड घातलं. कुणाचा खुंटा उपटला, कुणाचं दावं तुटलं. बघता बघता एकवीसच्या एकवीस पैलवान फस्त!

"आमच्या पैलवानाला बैलाफुडं टाकतंय! हाणा त्याला!" चाहते बाह्या सारून आले. बंदोबस्ताचा जवान धावला. "क्या मियाँ, पैलवान कू बैल खा गया?"

गलका ऐकून खुद्द भुजंगाच आला. मी त्याचे पाय धरले. त्यानं पांढऱ्या बैलाच्या ओठाला चिकटलेली मिशी बघितली. "आजपातुर मला कुणी चीत केलं न्हवतं," म्हणाला आणि पोट धरून हसला. मग चाहत्यांनाही हसावं लागलं. मला मात्र रडू येत होतं. लुगडं कुठून आणू?

इतक्यात पांढऱ्या बैलाचे मालक, कानडी कापडवाले बसप्पा आले.

"चुकलं, अण्णा," मी आधीच हात जोडले.

"येनप्पा, काय वो, चुकलं कशाला? चार दिस झालं, ह्यो वैरणीला त्वांड लावत न्हवता. तुमचा पैलवान खाल्ला! आणखी धा करून द्या, नवं लुगडं न्या."

"नुसती सरकी चारा की."

"चारून बघितली. हुंगतबी न्हाय. पैलवानच पायजे!"

"मग बाहुल्यांना कापड?"

"ते तुमचं. कंट्रोल हाय."

घरी येऊन सगळं सांगितलं. मी बायकोच्या अंगावरच्या विटक्या लुगड्याकडं बघितलं. ती माझ्या धोतराकडं बघत होती, आणि कात्री तिच्या हातात होती.

मेव्हणीच्या लग्नात बायको कोऱ्या लुगड्यात मिरवली. मी उरलेलं धोतर मांड्यांवर ओढत चुलाण्यामागं लपलो होतो. थोरल्या साडूंनी तिथंही गाठलंच. वरपासून खालपर्यंत मला न्याहाळलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं, "काय वो, कुस्ती कवाधरनं खेळायला लागला?"