तसं म्हणता येईल

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत शेजारी राहणारी एक मुलगी मेंदूच्या पेशींतल्या प्रोटीनच्या नळ्यांवर संशोधन करते. त्या बारीक नळ्यांत वीज आणि प्रकाश कसे खेळतात, ते लॅबमध्ये तपासते. ठाम उत्तर देणं मात्र तिच्या जिवावर येतं. "जेवलीस का गं?" विचारलं, तर म्हणते, "तसं म्हणता येईल." पाणी आलं का? "सध्यातरी." लग्नाचं काय? "आणखी पुरावा हवा."

बाबांचं विसरणं हल्ली वाढलंय. परवा त्यांनी आईलाच विचारलं, "आपण कोण?" आईने लाडूची वाटी घेऊन तिला गॅलरीत गाठलं.

"खरं सांग, ह्यांच्या डोक्यातल्या त्या नळ्यांत अजून उजेड आहे ना गं?"

झालं, मी मनात म्हटलं, आता तासभर 'पण' आणि 'परंतु'.

"आहे, काकू," ती म्हणाली, आणि पुढचं काही बाहेर पडायच्या आत तिने अख्खा लाडू तोंडात कोंबला.