अर्जातलं तरस

आमच्या घरात माझ्याआधी कुणी सही केली नव्हती, सगळे अंगठ्याचे धनी. मी हैदराबादेला राहून बी.ए. झालो, आणि तेही सगळं उर्दूतून. येडशीजवळच्या आमच्या गावी परतलो तेव्हा पारावरची माणसं नाव सोडून मला 'बीए' म्हणायला लागली. त्यात निम्मं कौतुक, निम्मी टर. मला दोन्ही चालायचं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशावर चालायच्या आणि तो कोळसा आमच्या डोंगरातून जायचा. त्या उन्हाळ्यात गुत्तेदारानं, म्हणजे कोळशाच्या ठेकेदारानं, घळीच्या तोंडाशीच भट्ट्या लावल्या. घळीतल्या कपारीत पिढ्यान्‌पिढ्या तरसं राहत आलेली. त्यांचा गावाला त्रास नव्हता. अंधार पडल्यावर मेलेली ढोरं टाकायच्या जागी यायची, हाडं फोडायची, उजाडायच्या आत माघारी. धूर आणि कुऱ्हाडी सुरू झाल्या तसं सगळं बिनसलं. तरसाची मादी पिलं घेऊन खाली ओढ्याकाठच्या बिळात आली, गावापासून हाकेच्या अंतरावर. दिवेलागणीलाच दिसायला लागली. एक कुत्रं गेलं, मग एक करडू.

पारावर ठरलं, बिळाच्या तोंडाशी कडबा पेटवून धूर द्यायचा. माझे वडील, त्यांना आम्ही आणि सगळं गाव आप्पा म्हणायचं, ते उठून उभे राहिले.

"बिळात पिलं हायती. तिनं काय हौसेनं घर सोडलं न्हाय. भट्ट्या हलवा, ती आपल्या पायानं वर जाती."

"तुमाला येऊन सांगितलं व्हय तिनं?" एकानं विचारलं. माणसं हसली.

"पायानं सांगितलं. म्या रोज सकाळी माग बघतोय. बिळातनं निघती ती पैली घळीकडंच जाती. भट्टीच्या अलीकडं थबकती, घुटमळती, आन् मग गावाकडं वळती."

"आन् न्हाय गेली वर तर?"

"आठ दिस द्या. न्हाय गेली तर पैली काडी म्या लावीन."

आप्पांचा शब्द गावात कधी खाली पडला नव्हता. आता तो माझ्या अर्जावर आला. भट्ट्या हलवायच्या तर तहसीलदारसाहेबांचा हुकूम पाहिजे, आणि आमच्या संस्थानात कचेरीचं काम सगळं उर्दूत. मी एका बैठकीत अर्ज लिहिला. अक्षर असं काढलं की माझं मलाच बघत राहावंसं वाटावं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कचेरीत. साहेबांनी अर्ज मोठ्यानं वाचायला घेतला, "जंगल कटने से हमारे गाँव में तरस आ गया है, और लोग बहुत परेशान हैं..." आणि थांबले. चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाले, "बरखुरदार, तरस तो दिल में आता है. गाँव में कब से आने लगा?"

कचेरी खदाखदा हसली. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. उर्दूत तरस म्हणजे दया! जंगल तुटल्यामुळं आमच्या गावात दया आली आणि लोक हैराण झाले, असं मी झोकदार अक्षरात लिहून दिलं होतं. त्या जनावराला उर्दूत काय म्हणतात ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं आणि मलाही विचारावंसं वाटलं नव्हतं. कानशिलं तापली.

आप्पा पुढं झाले. हात जोडले नाहीत, नुसतं मुंडासं सारखं केलं. "साहेब, जनावर है वो. सामने से ऊँचा, पीछे से बसका. अंग पे पट्टे. हड्डी फोड के खाता."

"अच्छा, लकड़बग्घा!"

"हाँ साहेब. उसका घर जलाए, तो वो हमारे घर कू आया. हमारा तरस तो आ गया. अब तुमारा बी आन दो."

साहेब एवढे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पण हसता हसताच हुकूम लिहिला, भट्ट्या घळीपासून उठवून डोंगराच्या पलीकडच्या अंगाला न्याव्यात.

चौथ्या दिवशी भट्ट्या उठल्या. पाचव्या, सहाव्या, सातव्या दिवशी माग गावाकडंच. आठव्या सकाळी त्यांनी चार जाणत्यांना ओढ्यावर नेलं. वाळूत तिची पावलं घळीकडं चढत गेलेली, पुढचा पंजा मोठा, मागचा लहान. आजूबाजूला पिलांची धडपडलेली पावलं. घळीच्या तोंडाशी माग थबकला नव्हता. सरळ आत गेला होता.

गावात आप्पांनी एवढंच सांगितलं, "पोरानं अर्ज लिवला, साहेबानं ऐकलं." लोक माझी पाठ थोपटायला लागले. दोन दिवस मी ती थोपटून घेतली. मग मला राहवेना. पारावर उभा राहून कचेरीत काय झालं ते सगळं सांगितलं, माझी चूक आणि आप्पांचं बोलणं, शब्दाला शब्द.

"म्हंजी बीए तू," करडू गेलेला म्हातारा म्हणाला, "आन् वकील आप्पा?"

"व्हय," मी म्हणालो. एवढ्या ताठ मानेनं मी पदवीसुद्धा घेतली नव्हती.