वीतभर कमी पडलेला ट्रेलर

बाबांनी जन्मभर ट्रक चालवला आणि केबिनमध्ये मुटकुळं करूनच झोपले. आता जुन्या, छोट्या मालवाहू ट्रेलरमध्ये घर थाटायचं, तर त्याची रुंदी बाबांच्या उंचीपेक्षा वीतभर कमी! पलंग लांबीत घातला, तर आईचा ओटा जात होता.

"झोपेन की पाय दुमडून," बाबा म्हणाले.

वेल्डर लेकीला ते मानवेना. तिने दिवसा भिंतीला मिटणारा आडवा पलंग केला आणि पायथ्याशी चक्क ट्रेलरचा पत्रा कापला.

"अगं, घराला भगदाड काय पाडतेस!" आई ओरडली.

लेकीने त्या भोकावर बाहेरून वीतभर खोल पेटी वेल्ड केली. बाबा आडवे झाले, तसे पाय सरळ आत गेले.

सकाळी ते शेजाऱ्याला पेटी ठोकून दाखवत होते, "ही माझ्या पायांची खोली. लेकीने बांधलीय!"